पूजेत ठेवलेली पेटी

त्या पेटीतले पत्ते सुधाकरनं पुसले नव्हते. हे वाक्य सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण मला माझा स्वभाव माहीत आहे. घराचं, जेवणाखाण्याचं, आईच्या हातच्या कढीचं लिहीत बसलो की या वाक्याशी यायचं राहून जाईल, जसं ते आजवर राहिलं. आमच्या नात्यात अजूनही लग्नाकार्यात कुणीतरी नव्या सुनेला सांगतंच, "हे दोघं भाऊ वेगळे काऊन झाले माहीत हाय का? धाकट्यानं मोठ्याचं मशीन बिघडवलं, तेही दसऱ्याच्या पूजेत." मी तिथंच पंगतीत बसलेलो असतो. ऐकतो आणि मठ्ठा वाढणाऱ्याला हात करतो.

इथवरच्या पानांत मी पोरवयाचं लिहिलं. हा भाग पोरवयाचा नाही; मी तेव्हा चाळिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप होतो. पण वडील गेल्यामुळे घरातला मोठा माणूस होण्याचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि ते शिकण्याचे दिवस हेच होते. शिकलो नाही ते वेगळं.

आमचं घर वर्ध्याला लागून, सिंदी मेघ्यात. समोरची लांबट खोली टायपिंग इन्स्टिट्यूटची, मागे आम्ही. वडिलांनी ती खोली मांडली तेव्हापासून घराला एकच आवाज होता. सकाळी दूधवाल्याच्या आधी पहिली बॅच यायची, आणि मग दिवसभर खटखट, मध्येच ओळ संपल्याची घंटी, मग गाडा मागे ढकलल्याची खर्रकन ओढ. आम्ही आईला बाई म्हणायचो. बाई स्वयंपाकघरात तूर निवडत बसलेली असायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, "तो तिसऱ्या मशीनवरचा पोट्टा ठोकून राह्यला नुस्ता, शिकून नाई राह्यला." वडील उठून पाहायचे, तर तसंच असायचं. वडिलांचा एक नियम होता: डोळे कागदावर, बोटं आपोआप. आणि दुसरा, खोडरबर नाही. उमटलं ते उमटलं. हा दुसरा नियम माझ्या हाडात इतका मुरला होता की पुढे त्यानंच माझा घात केला. पण ते मी आज म्हणतो. तेव्हा मला घात करणारा माणूस हवा होता.

दसऱ्याला ही खोली बदलून जायची. आदल्या दिवशी सगळी मशीनं रॉकेलनं पुसायची, जुन्या ब्रशानं अक्षरांच्या फटीतली शाई काढायची, तेल द्यायचं. दसऱ्याला बाई प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल खोचायची, नारळ वाढवायची, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. "वर्षभर राबते ते. एक दिवस तं निजू द्या," असं ती म्हणायची. त्या दिवशी घरात आवाज नसायचा म्हणून स्वयंपाकघरातला प्रत्येक आवाज ऐकू यायचा. पाट्यावर पुरण वाटल्याचा, तव्यावर तूप सुटल्याचा. पुरणपोळीबरोबर आमच्याकडे आंबट कढी आणि तिच्यात डाळीचे गोळे. सुधाकर लहानपणी गोळे आधी खाऊन टाकायचा आणि मग माझ्या वाटीकडे पाहत बसायचा. मी एखादा द्यायचो. हे लिहिताना मला वाटतं, मी बराच बरा भाऊ होतो, वाटीतल्या गोळ्यांपुरता.

टायपिंगचे दिवस संपत आले ते सुधाकरला माझ्याआधी कळलं. कॉम्प्युटर आणायची कल्पना त्याची, आणि नंतर तिथं इंटरनेटचं दुकान करायची कल्पनाही त्याचीच. सेवाग्रामला डॉक्टरकी शिकणारी पोरं, नोकरीचे अर्ज भरणारी पोरं, परदेशी गेलेल्या मुलांना पत्रं लिहिणारे रिटायर्ड मास्तर, सगळे येतील असं तो म्हणाला आणि सगळे आले. आधी एकाच फोनच्या तारेवर एकच मशीन चालायचं. मग टेलिफोन खात्याची मोठी लाईन घेतली, आणि ती सगळ्या मशीनांना वाटून द्यायला नागपूरच्या तिवारी नावाच्या इंजिनिअरकडून एक जुना राउटर आणला. काळा, चपटा, वीट रुंद केल्यासारखा, पुढे दोन-चार हिरवे दिवे. बाईनं त्याला पहिल्याच दिवशी 'पेटी' म्हटलं आणि तेच नाव पडलं.

कोरी पेटी काही जाणत नसते. तिला आधी तिचं नाव सांगावं लागतं, मग तिचा पत्ता. हा पत्ता म्हणजे चार तुकड्यांचा एक आकडा. घराच्या बाजूचा एक, रस्त्याच्या बाजूचा म्हणजे टेलिफोन खात्यानं दिलेला दुसरा. खोलीतल्या प्रत्येक मशीनला मग सांगून ठेवायचं की बाहेर जायचं असेल तर या पत्त्यावरच्या दारातून जा. पेटीला ना पडदा ना कीबोर्ड. एक निळी चपटी वायर तिच्या पाठीत आणि आपल्या कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायची, की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतून पेटी पहिला प्रश्न विचारायची: सुरुवातीची मांडणी करायची का? हो की नाही?

तिवारीला नागपूरहून यायला सवड नव्हती. त्यानं फोनवर सांगितलं, मी टाईप केलं. "नहीं बोलिए उसको, अपन हाथ से डालेंगे," तो म्हणाला, आणि एकेक ओळ सांगत गेला. एक सौ बानवे, डॉट, एक सौ अड़सठ. वडिलांनी शिकवलं तसं, बोटं आपोआप. पेटीचं नाव मी 'वर्धा' ठेवलं. पासवर्ड माझ्या थोरल्या मुलीचं नाव. सुधाकर पलीकडच्या मशीनवर बसला होता, कुसुम, म्हणजे माझी बायको, दारात, बाई तिच्यामागे. शेवटची ओळ टाकली आणि सुधाकरच्या पडद्यावर चित्र वरून खाली हळूहळू उतरायला लागलं. "आलं! दादा, आलं!" तो ओरडला. बाईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मी आनंदानं फोन खाली ठेवला. तिवारी तिकडून अजून बोलत होता की नव्हता, हे मी आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. वाटतं, बोलत होता.

मी टाईप केलेलं उमटलं होतं. आणि उमटलं ते उमटलं.

त्यानंतर भारनियमन झालं, उन्हाळ्यात तर अर्धा अर्धा दिवस वीज नसायची; पण पेटी कधी बंद पडली नाही. सुधाकरनं ट्रकच्या बॅटऱ्यांवर चालणारा मोठा इन्व्हर्टर बसवून घेतला होता आणि पेटीच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती, कुणाचा हात लागू नये म्हणून. दुकान चाललं. आणि दुकान चालायला लागलं तसा मी बदललो. पासवर्ड सुधाकरला सांगितला नाही. त्यानं एकदोनदा विचारलं, मी म्हणालो, "तुले कायले लागते?" तो म्हणाला, "तू कुठं गेलास अन् अडलं तं?" मी म्हणालो, "मी कुठं जातो?" निळी वायर मी आतल्या कपाटात कुलपात ठेवू लागलो. मी मास्तर होतो, तो दुकानदार. गिऱ्हाइकं मात्र 'सुधाभाऊ' म्हणून हाक मारत यायची आणि मी समोर असलो तरी त्याची वाट पाहत उभी राहायची. हे मला दिसत होतं.

श्रावणानंतर मला वाटायला लागलं की तो काहीतरी लपवतो. मी खोलीत आलो की तो फोनवरचा आवाज खाली करायचा. दुपारी स्कूटर घेऊन कुठंतरी जायचा आणि परत आल्यावर "असाच गेलतो" म्हणायचा. मग सेवाग्रामच्या रस्त्यावरच्या एका औषधवाल्यानं मला सहज विचारलं, "सुधाभाऊले ती खोली पसंत पडली का हो? कॉम्प्युटरसाठी पाहून राह्यले म्हणे." मी हसून 'हो' म्हणालो, जणू मला माहीत होतं. घरी येऊन काही बोललो नाही. मी पाहत राहिलो. त्याच्या हातात वही दिसली की ती कशाची, वनिता, त्याची बायको, माहेरी फोन करते की आणखी कुणाला, तो पेटीकडे किती वेळ पाहतो. संशय घ्यायला लागलं की माणूस किती मेहनती होतो! एवढी मेहनत मी दुकानात कधी केली नव्हती.

त्या वर्षीचा दसरा हा पेटी घरात आल्यानंतरचा पहिला दसरा. मी सकाळीच हिंगणीला सासुरवाडीला गेलो होतो. तिथल्या वावरातला झेंडू आणि आपट्याच्या फांद्या आणायच्या होत्या. बस उशिरा मिळाली. परत आलो तोवर पूजा आटोपली होती. सुधाकर समोरच्या खोलीतून एकटाच बाहेर आला, दार ओढून घेतलं, कडी लावली. "झालं सारं. बाईनं सांगतलं तसं सगळे बंद केले," तो म्हणाला. मी खिडकीतून पाहिलं. कॉम्प्युटरच्या कपाळाला कुंकू, पेटीवर झेंडू, तिचे हिरवे दिवे विझलेले. ते दिवे विझलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. संध्याकाळी त्यानं मला सोनं दिलं, वाकून नमस्कार केला. जेवायला कढीगोळे होते.

दुसऱ्या सकाळी मी सगळं चालू केलं, आणि एकाही मशीनवर काही उघडेना. सेवाग्रामची दोन पोरं दारात उभी. मी निळी वायर काढली, जोडली, आणि काळ्या पडद्यावर पेटीनं मला विचारलं: सुरुवातीची मांडणी करायची का? जणू ती आजच खोक्यातून निघाली होती. 'वर्धा' हे नाव गेलं होतं, नुसतं 'राउटर' असं उमटलं होतं. पासवर्ड तिनं विचारलाच नाही. पत्ते नाहीत. मी पोरांना परत पाठवलं आणि सुधाकरला हाक मारली.

"पेटीले हात कोणं लावला?"

"मीच लावला ना. पूजेले बंद केली."

"बंदच केली, का आणखी काही केलं?"

तो हसला. "कुंकू लावलं. तेही विचारून लावू का आता?"

"आतलं सारं गेलं. नाव, पत्ते, पासवर्ड. आपोआप जाते का ते?"

"मले काय माहीत? मास्तर तू. मले तं तू त्या वायरले हात लावू देत नाई."

"अन् सेवाग्रामले खोली कायले पाहून राह्यला तू? लपवून?"

तो गप्प झाला. ती गप्प राहण्याची वेळ मी मनात जपून ठेवली, पुरावा म्हणून. मग तो म्हणाला, "पाहून राह्यलो. दिवाळीनंतर सांगणार होतो. हे दुकान तुह्यं म्हणूनच चालते, दादा, मी इथं कोण हाय? पण पेटीले मी काई केलं नाई."

तोवर बाई बाहेर आली होती, हातात उलथणं तसंच. मी म्हणालो, "मंग बाईच्या डोक्यावर हात ठेव अन् सांग."

"नाई ठेवत."

"काऊन?"

"माह्या बोलण्यावर भरवसा नाई, तं बाईच्या डोक्यानं काय होणार हाय?"

"सुध्या, ठेव ना रे हात," बाई म्हणाली. "एवढं काय हाय त्याच्यात? ठेव, अन् मिटव."

त्यानं मान हलवली. बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा आवाजच बदलला. "म्हणजे माह्या पूजेत केलं तू हे," ती म्हणाली. "फूल वाहता वाहता केलं." आणि आत निघून गेली. मला त्या क्षणी बरं वाटलं. ते लिहिलं पाहिजे. न्याय झाल्यासारखं वाटलं.

दिवाळीच्या आधीच सुधाकर आणि वनिता सेवाग्रामला गेले, त्या खोलीच्या मागे राहायला. मी मात्र पेटी पुन्हा उभी करू शकलो नाही. टेलिफोन खात्याच्या बाजूचं काहीतरी चुकत होतं. शेवटी तिवारी पॅसेंजरनं आला. पोहे खाल्ले, खुर्ची ओढून बसला, भराभर टाईप केलं. सगळं चालू झालं. मी 'वा' म्हणून उठणार तोच त्यानं आणखी एक लहानशी ओळ टाकली आणि थांबला. पेटीनं काहीतरी छापलं.

"यह क्या किया?" मी विचारलं.

"सेव किया. आपने जो डाला था वह तो चालू याददाश्त में था. पक्की में लिखना पड़ता है, नहीं तो बंद करते ही साफ." तो हसला. "इन्व्हर्टर बढ़िया है आपका, इसलिए इतने महीने निकल गए. पहली बार सेव तो किया था ना?"

"किया था," मी म्हणालो.

कुसुम चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

तिवारीला स्टेशनवर सोडून आलो. ती भाजी चिरत होती. न बघता म्हणाली, "भाऊजीले बोलावून घ्या."

"पाहू."

"पाहू काय? मी ऐकलं ना."

"काय ऐकलं तू?" मी अशा आवाजात विचारलं की तिनं विळीवरून मान वर केली.

"काई नाई," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी कुसुमवर पाळत ठेवू लागलो. ती बाईजवळ बसली की मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचो. माहेरी निघाली की हिंगणीला तिला कोण कोण भेटलं ते विचारायचो. तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. मी कधी तिचे आभार मानले नाहीत, कारण आभार मानायला आधी कबूल करावं लागलं असतं. सुधाकरला बोलावणं रोज उद्यावर गेलं. एखादी गोष्ट दुरुस्त करायला एक ओळ पुरते, हे मला तिवारीनं दाखवलं होतं. माणसांतही तशीच एक ओळ लागते, आणि ती मला तोंडपाठ होती.

बाईनं सुधाकरचं नाव घेणं सोडलं. पुढच्या दसऱ्याला तिनं मशीनांची पूजा केली नाही. "माह्या हातून ते नको," म्हणाली. तिला वाटायचं, तिच्या पूजेतच काही उणं राहिलं म्हणून पोरगा असं वागला. काही वर्षांनी तिच्या डोळ्यात फूल पडलं तेव्हा मी तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन जाऊ लागलो. सुधाकरचं घर तिथून चालत जाण्याएवढं जवळ. एकदा आम्ही झाडाखालच्या बाकावर नंबर यायची वाट पाहत बसलो होतो, तर वनिता आली. कुणीतरी तिला सांगितलं असणार. हातात स्टीलचा डबा. "बाई, कढी-गोळे आणले. तुमच्यासारखे नाई झाले, पण खा." औषध घातलेले बाईचे डोळे पट्टीखाली. तिनं आवाज ओळखला. हात पुढे केला, डब्याला लावला, तो गरम होता, आणि मग माझ्याकडे सरकवला. "परत दे तिले, मधू. म्हणावं, मले पथ्य हाय."

डबा माझ्या मांडीवर होता. वनिता माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत असेल, मोठे भाऊजी काहीतरी बोलतील. मी म्हणालो, "पथ्य आहे तिला." वनिता डबा घेऊन गेली. बाई थोड्या वेळानं म्हणाली, "वास चांगला होता." आणि मग नंबर आला.

बाई गेली ती हेच मनात घेऊन. सुधाकर आला, खांदा दिला, तेराव्याला जेवला नाही. दुकानं दोन्ही बंद झाली; इंटरनेट आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि पेटी कुठल्या भंगारात गेली मला ठाऊक नाही. मी सत्तरी गाठली. मुली आपापल्या घरी. कुसुमनं मागच्या महिन्यात हे प्रकरण वाचलं, अर्धवट होतं तेव्हा. चष्मा काढून म्हणाली, "लिहून काय करता? जो हाय त्याले सांगा ना." आणि तिनंच नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. तिवारी, ती शेवटची ओळ, पक्की याददाश्त, 'किया था' असं मी म्हणालो तेही. मध्ये श्वास घेतला नाही. सुधाकर ऐकत होता. त्याच्याकडे कुठंतरी टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला.

"म्हणजे तुह्या हातून राह्यलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मले वाटे तूच पुसलं. मुद्दाम. पासवर्ड तुह्याजवळ, वायर तुह्या कपाटात. मले काढाले केलं असन म्हणे मी. वनितालेही तेच सांगतलं."

मी म्हणालो, "नाही रे. मुद्दाम नाही."

"एवढी वर्षं मी हेच धरून बसलो, दादा." मला वाटलं, रडतो की काय. मग त्यानं विचारलं, अगदी साध्या आवाजात, गिऱ्हाइकाला विचारावं तसं, "आजच काऊन सांगतलं?"

"मनावर होतं."

"घराचं काई हाय का? माही सही-बिही पाहिजे? सिंदी मेघ्यात बिल्डर फिरून राह्यले म्हणते. तुह्याकडे आला होता का कोणी?"

कुसुम समोर उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. त्याच्या आदल्याच आठवड्यात एका बिल्डरचा माणूस आमच्या ओसरीवर बसून चहा पिऊन गेला होता.

"आला होता का नाई, दादा?"

"आला होता," मी म्हणालो.